रामरक्षेतली ‘पुत्री’ कोण?

वाचकाचं पत्र

नमस्कार. आमच्याकडे सासूबाई रोज तिन्हीसांजेला रामरक्षा म्हणायच्या. आता त्यांचं वय ७८ आहे, दम पुरत नाही, म्हणून गेल्या श्रावणापासून मी म्हणते. पुस्तकात बघून म्हणते, पण खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं कळत नाही. तोंड चालू असतं आणि डोक्यात उद्याचा डबा. परवा माझ्या अकरा वर्षांच्या मुलीने विचारलं, “आई, ‘सुखी पुत्री’ म्हणजे मुलगी सुखी होईल, असंच ना?” मला उत्तर देता आलं नाही. सासूबाई आतल्या खोलीतून ऐकत असतात. मी अडखळले की म्हणतात, “चुकीचं म्हणण्यापेक्षा न म्हटलेलं बरं, उलटं फळ मिळतं.” आता तर म्हणायचीच भीती वाटायला लागली आहे. मिस्टरांना रक्तदाबाचा त्रास आहे, रामरक्षेने तो उतरतो असं लोक सांगतात, ते खरं का? पाळीच्या दिवसांत म्हणावी का? आणि अर्थ न कळता म्हटलेल्या स्तोत्राचा काही उपयोग असतो का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर

ताई, लेकीच्या प्रश्नापासूनच सुरुवात करू, कारण तिने बोट नेमक्या जागी ठेवलं आहे. तो दहावा श्लोक:

एतां रामबलोपेतां रक्षां यः सुकृती पठेत् ।
स चिरायुः सुखी पुत्री विजयी विनयी भवेत् ॥

इथला ‘पुत्री’ म्हणजे मुलगी नव्हे. मूळ शब्द ‘पुत्रिन्’, म्हणजे ज्याला पुत्र आहे तो. ओळीतले चार शब्द एकाच साच्यातून निघाले आहेत: सुख असलेला तो सुखी, पुत्र असलेला तो पुत्री, विजय असलेला तो विजयी, विनय असलेला तो विनयी. आज आपण ‘लेकराबाळांनी भरलेला’ असा अर्थ घेतला तर काही बिघडत नाही, आणि त्या लेकराबाळांत तुमची लेक आलीच. पण तिला शेवटचे दोन शब्द मुद्दाम दाखवा. ‘विजयी’ म्हणून झाल्यावर श्वाससुद्धा न घेता ‘विनयी’ येतं. जो जिंकेल त्याने नम्रही राहावं, हे फळाच्याच यादीत घातलेलं आहे. नुसतं म्हणत राहिलो तर हे हातातून निसटतं.

आता सासूबाईंची भीती. ती त्यांच्या मनची नाही, तिला जुना आधार आहे, म्हणून ती उडवून लावू नका. वेदमंत्रांना उदात्त, अनुदात्त आणि स्वरित असे स्वर, म्हणजे आवाजाचे ठरलेले चढउतार, असतात. स्वर चुकला तर अर्थ फिरतो. ‘पाणिनीय शिक्षा’ या उच्चारशास्त्राच्या जुन्या ग्रंथात यासाठी ‘इंद्रशत्रु’ हे उदाहरण दिलं आहे. वृत्र हा असुर इंद्राला मारणारा व्हावा म्हणून मंत्र म्हटला गेला, पण स्वर चुकला. त्यामुळे त्याच शब्दाचा अर्थ ‘इंद्र ज्याला मारणारा आहे असा’ झाला, आणि मेला तो वृत्रच. ‘उलटं फळ’ ही समजूत इथून आली.

पण रामरक्षा हा वेदमंत्र नाही. ते स्तोत्र आहे, छंदात बांधलेलं. त्याला स्वरांच्या आडव्याउभ्या रेघा नसतात. इंद्रशत्रूचा नियम इथे लावायचं कारण नाही. अथर्वशीर्षाची गोष्ट थोडी वेगळी. ते परंपरेने स्वरांसह म्हटलं जातं, म्हणून ते जाणत्या माणसासमोर बसून शिकलेलं बरं. बाकी स्तोत्रांसाठी सासूबाईंना त्यांच्याच ओळखीची ओळ ऐकवा. पूजेच्या शेवटी आपण म्हणतोच, ‘यदक्षरपदभ्रष्टं मात्राहीनं च यद्भवेत् । तत्सर्वं क्षम्यतां देव’. अक्षर गळलं असेल, पद चुकलं असेल, मात्रा कमी पडली असेल, ते सगळं क्षमा कर. चुका होणार हे धरून चालणारी ही परंपरा आहे.

म्हणजे कसंही म्हटलं तरी चालेल, असं मात्र नाही. चुकीने पाप लागत नाही, पण चुकीने वाक्य मोडतं. मोडलेल्या वाक्याला अर्थ राहत नाही. अर्थ नसला की मन उठून डब्याच्या भाजीकडे जातं. तुमचे तिन्ही प्रश्न, म्हणजे चुका, अर्थ आणि लक्ष न लागणं, एकाच गाठीचे आहेत. ती गाठ अर्थाच्या बाजूनेच सोडवायला लागते.

सगळे ३८ श्लोक एकदम घेऊ नका. चौथ्या श्लोकाची दुसरी ओळ आणि तिथून नवव्या श्लोकाच्या शेवटापर्यंत, म्हणजे साडेपाच श्लोक, एवढंच आधी घ्या. हे रामरक्षेचं कवच. ‘रक्षा’ हे नाव त्यावरूनच. डोक्यापासून पायापर्यंत एकेक अवयव घ्यायचा, रामाचं एकेक नाव घ्यायचं आणि ‘पातु’ म्हणायचं. पातु म्हणजे ‘रक्षण करो’. प्रत्येक ठिकाणी तो शब्द नाही. ‘शिरो मे राघवः पातु भालं दशरथात्मजः’, इथे कपाळापाशी पातु पुन्हा आलेलं नाही, पण आधीचंच तिथे लागू आहे: माझ्या डोक्याचं राघव रक्षण करो, कपाळाचं दशरथाचा पुत्र.

खरी गंमत अवयवांची नाही, नावांची आहे. डोक्यावरून पायाकडे येताना त्या नावांतून रामायण पुढे सरकत जातं. आधी राघव, म्हणजे कूळ. मग दशरथाचा मुलगा, मग कौसल्येचा. डोळ्यांना कौसल्येय दिला आहे, कारण आई लेकराला डोळ्यांत साठवते, असं जाणकार सांगतात. कानांना विश्वामित्रप्रिय, कारण विद्या कानांनी घ्यायची, आणि विश्वामित्रांनी रामाला बला-अतिबला या विद्या दिल्या. नाकाला ‘मखत्राता’. मख म्हणजे यज्ञ. विश्वामित्रांच्या यज्ञाचं रक्षण करणारा, आणि यज्ञाचा सुगंधी धूर नाकाला कळणार. तोंडाला सौमित्रिवत्सल, म्हणजे सुमित्रेच्या मुलावर, लक्ष्मणावर, माया करणारा. जिभेला विद्यानिधी, गळ्याला भरतवंदित, खांद्यांना दिव्य आयुधं बाळगणारा.

बाहूंशी आलो की शिवधनुष्य मोडतं: ‘भुजौ भग्नेशकार्मुकः’. भग्न म्हणजे मोडलेलं, ईश म्हणजे शंकर, कार्मुक म्हणजे धनुष्य. लगेच पुढची ओळ ‘करौ सीतापतिः पातु’. धनुष्य मोडल्यावर लग्न, आणि लग्नात पाणिग्रहण. म्हणून हातांना सीतापती. मग लग्नाहून परतताना वाट अडवणारा परशुराम, जमदग्नीचा मुलगा. त्याला जिंकणारा तो जामदग्न्यजित्, आणि तो दिला आहे काळजाला, कारण तिथे धीर लागला. शरीराच्या मध्यभागाला खरध्वंसी. खराशी लढाई जनस्थानात झाली, आणि जनस्थान म्हणजे आपलं नाशिक असं परंपरा मानते. पुढे बेंबीला जांबवंताचा आधार, कमरेला सुग्रीवाचा स्वामी, त्याखाली हनुमंताचा प्रभू. मांड्यांना राक्षसकुळाचा नाश करणारा रघूत्तम. गुडघ्यांना सेतू बांधणारा, पोटऱ्यांना रावणाचा अंत करणारा. आणि पावलांना ‘बिभीषणश्रीद’, बिभीषणाला राज्यलक्ष्मी देणारा. बिभीषण शरण आला तो पायांशीच. क्रम एखाद्या ठिकाणी पुढेमागे होतो, भरत जरा लवकर येतो. पण ओघ चुकत नाही. वीस अवयव झाले की सगळ्या पदव्या बाजूला ठेवून नुसतं ‘राम’ येतं: पातु रामोऽखिलं वपुः. सगळ्या देहाचं राम रक्षण करो.

मुलीला हे शिकवताना तिला त्या त्या अवयवाला हात लावायला सांगा आणि तुम्हीही लावा. पूजेत न्यास करतात त्याच जातीचं हे आहे. हात गुडघ्यावर असताना डोक्यात डबा येणं अवघड असतं. आणि आला, तर मागे जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका. जिथे जाग येईल तिथला पुढचा ‘पातु’ पकडा आणि चालू लागा. परत परत सुरुवातीला जाणाऱ्यांची रामरक्षा पाचव्या श्लोकापलीकडे क्वचितच पोहोचते.

आता चुका. त्या शोधायच्या दोन रीती आहेत आणि दोन्ही लागतात.

पहिली मोजणीची. विनियोगात, म्हणजे स्तोत्राआधी ऋषी, देवता, छंद सांगणाऱ्या ओळींत, ‘अनुष्टुप् छन्दः’ असं आपण म्हणतो, ते काही शोभेचं नाही. कसं म्हणायचं त्याची ती सूचना आहे. अनुष्टुभाच्या एका चरणात आठ अक्षरं, चार चरणांत बत्तीस. जोडाक्षर एकच धरायचं, आणि शेवटचा पाय मोडलेला त् किंवा म् वेगळा मोजायचा नाही. अंगठ्याने बोटांची पेरं मोजा: शि-रो-मे-रा-घ-वः-पा-तु. आठ आली. आता ‘पातु रामोऽखिलं वपुः’ मोजा. पुष्कळ जण ‘रामो अखिलं’ म्हणतात, मग नऊ होतात. तो इंग्रजी एससारखा ऽ म्हणजे अवग्रह. इथे एक ‘अ’ होता आणि तो संधीत बुडाला, एवढंच तो सांगतो. त्याचा उच्चार करायचा नाही: पा-तु-रा-मो-खि-लं-व-पुः. ‘जामदग्न्यजित्’ मोजताना अडखळलात तर ‘ग्न्य’ हे एक अक्षर आहे हे लक्षात ठेवा. ‘जा-म-दग्-न्य-जित्’ असं हळू म्हणा आणि ‘न्य’ खाऊ नका. आणखी एक: मांड्यांची ओळ सोडली तर एक अवयव आणि त्याच्या रक्षकाचं नाव त्या आठांतच पुरं होतं, म्हणून आठ अक्षरांवर किंचित थांबलात तर शब्द तुटत नाही.

पण सगळ्याच चुका मोजणीला सापडत नाहीत, आणि मोठ्या चुका नेमक्या त्याच असतात. ‘विश्वामित्रप्रियः श्रुती’ ही ओळ काही पुस्तिकांत ‘विश्वामित्रप्रियश्रुती’ अशी जोडून छापलेली आढळते. अक्षरं आठच भरतात. पण विसर्ग गेला की रक्षण करणारा कोण, तेच नाहीसं होतं. ‘विश्वामित्रप्रियः’ हा कर्ता, ‘श्रुती’ म्हणजे दोन कान हे कर्म. तसंच ‘रक्षःकुलविनाशकृत्’. रक्षस् म्हणजे राक्षस. त्यांच्या कुळाचा नाश करणारा. विसर्ग सोडून ‘रक्षकुल’ म्हटलंत तर रक्षण करणाऱ्यांच्याच कुळाचा नाश होतो. ‘क्ष’नंतर हलका ह सोडा आणि मग ‘कुल’ म्हणा. ‘मखत्राता’चं ‘मुखत्राता’ फार ठिकाणी ऐकू येतं, कारण पुढेच ‘मुखं’ आहे आणि जीभ आधीच तिकडे धावते. मख म्हणजे यज्ञ हे एकदा कळलं की ही चूक पुन्हा होत नाही.

ऱ्हस्वदीर्घाचंही असंच आहे. दृशौ, श्रुती, स्कन्धौ, भुजौ, करौ, सक्थिनी, ऊरू, जानुनी, जङ्घे, पादौ. हे सगळे जोडीचे अवयव आहेत आणि संस्कृतात जोडीसाठी वेगळं द्विवचन आहे. मराठीत ते नाही, म्हणून आपल्या कानाला ही रूपं परकी वाटतात. ‘ऊरू’मधला शेवटचा ऊ दीर्घ का? मांड्या दोन आहेत म्हणून. मुलीला हे सांगा, ती पुढची रूपं स्वतः ओळखेल. एक अर्थाचा घोळ मात्र टाळा: ‘जङ्घे’ म्हणजे मराठीतली जांघ नव्हे. संस्कृतात जंघा म्हणजे गुडघ्याखालचा पाय. नाहीतर हात लावताना गुडघ्यावरून पुन्हा वर जावं लागतं आणि क्रम बिघडतो.

काही सवयी मराठी जिभेच्या आहेत. ‘जिह्वा’ लिहिताना आधी ह आहे, पण आपण ‘जिव्हा’ म्हणतो. ‘जिह्-वा’ असं फोडून म्हणा. ‘जानुनी’तला ज हा ‘जन्म’मधला, ‘जाड’मधला नव्हे. ‘चरितं’मधला च ‘चित्र’मधला, ‘चाक’मधला नव्हे. संस्कृतात दंत्य च-ज नाहीतच. ‘सक्थिनी’त थ आहे, त नाही. शब्दाच्या शेवटचा अ मराठीत आपण गिळतो, तो इथे पुरा म्हणायचा: ‘राम रामेति’ म्हणताना पहिल्या रामाचा म मोकळा सोडा. विसर्गाला आधीच्या स्वराचा प्रतिध्वनी येतो, म्हणून ‘वपुः’ हे ‘वपुहु’कडे झुकतं आणि ‘विद्यानिधिः’ हे ‘निधिहि’कडे. एवढं जमलं तरी पुष्कळ झालं.

कसं बसवायचं ते सांगतो. कवचाच्या ओळी अकरा आहेत. रोज एकच ओळ. वहीच्या डाव्या पानावर ओळ फोडून लिहा: ‘शिरः मे राघवः पातु, भालं दशरथ-आत्मजः’. उजव्या पानावर अर्थ, पण पुस्तकातला उतरवू नका. मुलीला तिच्या शब्दांत लिहू द्या. मग ओळ तीनदा म्हणायची. पहिल्यांदा पेरं मोजत, दुसऱ्यांदा अवयवाला हात लावत, तिसऱ्यांदा डोळे मिटून. पाच मिनिटं पुरतात. त्यानंतर संपूर्ण रामरक्षा नेहमीसारखी पुस्तकात बघून म्हणा. ती थांबवू नका. अकरा दिवसांत ओळी संपतील. पुढचे तीन दिवस फक्त उजळणी, वही मिटून. दोन आठवड्यांनी कवच पाठ आणि समजलेलंही असेल. नंतर दहा ते चौदा ही फलश्रुती, म्हणजे पाठाचं फळ सांगणारे श्लोक, घ्या. तिथे तेराव्या श्लोकाच्या सुरुवातीचं ‘जगज्जैत्रैकमन्त्रेण’ दाताखाली खड्यासारखं येतं. जगत्, जैत्र, एक, मंत्र असे चार तुकडे करा: जग जिंकणाऱ्या एकमेव मंत्राने, म्हणजे रामनामाने. त्याच श्लोकात ‘यः कण्ठे धारयेत्’ आहे. काही जण ते ताईत म्हणून गळ्यात बांधतात. आम्हाला मात्र ‘कंठस्थ करणं’ हाच अर्थ जवळचा वाटतो.

ध्वनिमुद्रण लावून बरोबर म्हणत असाल तर वेग बघा. बरीच मुद्रणं धावती असतात, आणि धावताना आधी विसर्ग गळतात. फोनवर वेग पाऊणपट करा. शिकून झालं की मुद्रण बंद, स्वतःचा आवाज ऐका. पुस्तक घ्यायचं तर पदच्छेद, म्हणजे संधी सोडवून सुटे केलेले शब्द, आणि मराठी अर्थ असलेलं घ्या. शंका आली की दोन वेगळ्या प्रकाशनांच्या प्रती शेजारी ठेवून बघा.

सासूबाईंनी कानाने ऐकून पाठ केलेलं असणार, आणि त्यांच्या पाठातही एखादी अशी चूक असू शकते. ती त्यांना दाखवायला जाऊ नका. पन्नास-साठ वर्षं जी ओळ तोंडात आहे ती आता बदलणार नाही, उलट त्या म्हणायच्याच बंद होतील. त्यापेक्षा कवचाच्या वेळी त्यांना बाहेर बोलवा आणि नुसतं ‘पातु’ त्यांना म्हणू द्या. दम लागणार नाही, आणि आतून ऐकून चुका काढण्यापेक्षा त्या तुमच्यात सामील होतील.

मिस्टरांचा रक्तदाब. इथे स्पष्ट बोलायला हवं. गोळी चालू आहे ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायची नाही. स्तोत्र हे औषधाला पर्याय नाही. पण ‘लोक सांगतात’ त्यात काहीच नाही असंही नाही, आणि त्याचं कारण श्वासात आहे. २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इटलीतल्या संशोधकांचा एक अभ्यास आला होता. २३ निरोगी माणसांना लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळ आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा बौद्ध मंत्र म्हणायला दिला होता. दोन्ही म्हणताना श्वासाची गती आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आली, आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची जी आतली यंत्रणा आहे, ती जास्त तत्पर झालेली दिसली. अभ्यास लहान होता, रामरक्षेवर नव्हता आणि रुग्णांवरही नव्हता, म्हणून त्यातून वाढीव निष्कर्ष काढू नयेत. एरवी शांत बसलेला माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. रामरक्षेची एक ओळ, म्हणजे सोळा अक्षरं, एका श्वासात सहा-एक सेकंदांत म्हटली आणि दोन-तीन सेकंद सावकाश श्वास घेतला, तर मिनिटाला सातच्या आसपास श्वास होतात. संपूर्ण स्तोत्राला दहा-बारा मिनिटं लागतात. चार मिनिटांत उरकलेल्या रामरक्षेत हे होणार नाही. तिथे उलट धाप लागते. मिस्टरांना शेजारी बसवा, त्यांनी नुसतं संथपणे बरोबर म्हटलं तरी त्यांची दहा मिनिटं शांत जातील. संस्कृत जड वाटत असेल तर त्यांनी मनाचे श्लोक घ्यावेत. २०५ आहेत, रोज पाच घेतले तर ४१ दिवसांत एक फेरी होते, आणि त्यांच्या भुजंगप्रयात वृत्ताची चाल मराठी माणसाच्या कानात असतेच.

पाळीच्या दिवसांबद्दल: रामरक्षेच्या विनियोगात किंवा फलश्रुतीत वेळेची, सोवळ्याची वा बाई-पुरुषाची कोणतीही अट नाही. ‘यः पठेत्’, जो म्हणेल तो, एवढंच आहे. देवाला हात लावणं, नैवेद्य दाखवणं यांचे रिवाज घरोघरी वेगळे असतात, ते सासूबाईंशी बोलून ठरवा. पण स्तोत्र वाणीचं आहे. आमच्या मते त्या दिवसांतही म्हणावं, देवघरासमोर बसायचं नसेल तर खिडकीपाशी बसून म्हणावं. दर महिन्याला चार दिवस खंड पडला की सवय मोडते, आणि पाठांतर तर नक्कीच मोडतं.

अर्थ न कळता म्हटलेल्याचा उपयोग? आहे. श्वास संथ होतो, घरात संध्याकाळी एक ठरलेला आवाज असतो, मुलांच्या कानात शब्द पडतात आणि कधीतरी ती विचारतात, जसं तुमच्या लेकीने विचारलं. पण अर्थ कळल्यावर जे मिळतं ते त्याहून फार मोठं आहे, आणि ते केवळ संस्कृतापुरतं नाही. ‘शुभं करोति’मधला ‘शत्रुबुद्धिविनाशाय’ घ्या. तिथे शत्रूचा नाश मागितलेला नाही, शत्रुबुद्धीचा मागितला आहे, आणि ती बुद्धी आपलीही असू शकते. मराठी आरतीतही बघा. ‘वार्ता विघ्नाची नुरवी’, नुरवी म्हणजे न उरवी: ज्याची कृपा विघ्नाची बातमीसुद्धा उरू देत नाही. ‘उटी शेंदुराची’ची ‘ओटी’ होते, ‘फणिवरबंधना’ची ‘फळीवर वंदना’ होते, ‘संकटी पावावे’ची ‘संकष्टी’ होते. कमरेला नाग बांधलेला गणपती डोळ्यांसमोर आला की फळी आपोआप जाते.

शेवटचं, खास मुलीसाठी. सदतिसावा श्लोक तिला आत्ताच दाखवून ठेवा. आठवीत संस्कृत घेतलं की ‘राम’ शब्द चालवायला लागतोच, आणि तो इथे चालवून ठेवला आहे:

रामो राजमणिः सदा विजयते रामं रमेशं भजे
रामेणाभिहता निशाचरचमू रामाय तस्मै नमः ।
रामान्नास्ति परायणं परतरं रामस्य दासोऽस्म्यहं
रामे चित्तलयः सदा भवतु मे भो राम मामुद्धर ॥

छंद बदलला आहे, शार्दूलविक्रीडित, चरणात एकोणीस अक्षरं. बारा अक्षरांवर किंचित थांबा, एक चरण एका श्वासात घ्या. रामः, रामं, रामेण, रामाय, रामात्, रामस्य, रामे. प्रथमेपासून सप्तमीपर्यंत सातही विभक्ती ओळीने आल्या आहेत. पाचवी जरा लपलेली आहे, ‘रामान्नास्ति’ म्हणजे रामात् नास्ति. तिला प्रत्येक रामाखाली पेन्सिलने रेघ मारायला सांगा. आठवा राम, संबोधनातला, तिला अगदी शेवटी सापडेल: भो राम, माम् उद्धर. अरे रामा, मला वर काढ.